सहीच्या आधी आईंशी बोल

अगं, फोनवर तू इतकी घाबरून बोलत होतीस की निम्मं मला कळलंच नाही. म्हणून आता सावकाश लिहिते. तू वाच, आणि तुझ्या नवऱ्यालाही वाचायला दे.

डॉक्टरांनी तुला तीन गोष्टी सांगितल्या. सासूबाईंच्या हृदयाची एक झडप आवळत चालली आहे. वय आणि फुप्फुसांची अवस्था बघता छाती उघडून ऑपरेशन करणं त्यांना झेपणार नाही. आणि मुंबईच्या एका रुग्णालयात नव्या झडपेची चाचणी चालू आहे, तिथे त्यांचं नाव सुचवता येईल. यातली दुसरी गोष्ट ऐकून तू रडलीस आणि तिसरी ऐकून सही करायला निघालीस. मला दोन्हींची घाई वाटते. हृदयरोगाच्या वॉर्डात मी सिस्टर म्हणून आयुष्य काढलं. तिथे पाहिलेलं आता घरच्या माणसांच्या उपयोगी नाही पडणार तर कधी?

आधी झडपेचं समजून घे. आपल्याकडे खाराच्या बांधाला उघाडी असते ना? ओहोटीला शेतातल्या पाण्याच्या जोराने ती उघडते, भरतीला खाडीच्या पाण्याच्या जोराने मिटते. पाणी एकाच दिशेने जातं. हृदयाच्या डाव्या कप्प्यातून मोठ्या रक्तवाहिनीत जाणाऱ्या वाटेवर तशीच तीन पातळ पाकळ्यांची झडप असते, तिला महाधमनीची झडप म्हणतात. वयानुसार काही जणांच्या त्या पाकळ्यांवर कॅल्शियम साचतं आणि त्या ताठ होतात. मग हृदय जोर लावत राहतं, त्याची भिंत जाड होते, आणि मागे तुंबलेला दाब फुप्फुसांपर्यंत जातो. मागच्या दत्तजयंतीला सासूबाई डोंगराच्या पायऱ्यांवर अर्ध्यातच बसल्या, सुपारी गोळा करताना वाडीत त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, रात्री उशा चढवून झोपावं लागतं, हे तूच मला सांगितलंस. दम लागणं, छातीत दाटणं, चक्कर येऊन पडणं ही या आजाराची ठरलेली लक्षणं आहेत. लघवी होण्याच्या गोळ्यांनी सूज उतरते, धाप कमी होते. पण कुठल्याही गोळीने ताठ झालेली झडप सैल होत नाही.

आता ‘अनफिट’. हा शब्द ऐकला की घरात सुतक पडल्यासारखं होतं, म्हणून त्याचा अर्थ नीट धर. छातीचं हाड कापायचं, हृदय थांबवायचं, शरीराचा रक्तपुरवठा यंत्रावर घ्यायचा, झडप बदलायची आणि हृदय पुन्हा चालू करायचं, एवढं सगळं त्यांच्या शरीराला सोसणार नाही असा डॉक्टरांचा अंदाज आहे. अनफिट त्या एका ऑपरेशनपुरत्या आहेत. त्याचं कारण मात्र तुला माहीत असायला हवं. आयुष्यभर चुलीच्या धुरात काढल्याने फुप्फुसं अधू झाली आहेत? मूत्रपिंडं कमजोर आहेत? महाधमनीच कवचासारखी कडक झाली आहे? की एकूणच अंगात ताकद उरलेली नाही? कारणाप्रमाणे पुढचा रस्ता बदलतो. चार पावलं चालायला किती वेळ लागतो, हाताची पकड कशी आहे, स्वतःची आंघोळ स्वतः करतात का, हेही डॉक्टर बघतात. ते कारण कागदावर लिहून माग. आणि हा निर्णय एकट्या डॉक्टरांचा आहे, की हृदयशल्यविशारद आणि हृदयरोगतज्ज्ञ दोघांनी मिळून बघितलं आहे, तेही विचार. दोघांनी बघितलेलं असलं पाहिजे.

अशाच माणसांसाठी छाती न उघडता, रक्तवाहिनीतून नळीने नवी झडप बसवायचा उपचार निघाला. फ्रान्समध्ये रुआं नावाचं शहर आहे, तिथले डॉक्टर आलँ क्रिबिये. १९८५ मध्ये त्यांनी आवळलेली झडप फुग्याने ताणून उघडायला सुरुवात केली. रुग्णाला बरं वाटायचं, पण काही महिन्यांत झडप पुन्हा आवळायची. तेव्हा त्यांच्या मनात आलं, की ताणलेल्या जागी एक जाळीदार नळी, आणि नळीत नवी झडप बसवून ठेवली तर? डेन्मार्कमध्ये हेनिंग अँडरसन यांनी १९८९ मध्ये तशी झडप डुकरांमध्ये बसवून दाखवली होती. माणसाला ती पहिल्यांदा बसवली क्रिबियेंनी, १६ एप्रिल २००२ रोजी. रुग्ण सत्तावन्न वर्षांचा होता. हृदय जवळजवळ कोलमडलेलं, पायांच्या रक्तवाहिन्या बंद झालेल्या, आणि शल्यविशारदांनी ऑपरेशनला नकार दिलेला. झडप नीट बसली, चांगली चालली, हृदयाची धाप परत आली नाही. पण पायाचा रक्तपुरवठा बिघडतच गेला, पाय कापावा लागला, जखम भरली नाही, जंतुसंसर्ग झाला, आणि सतरा आठवड्यांनी तो माणूस गेला.

ही गोष्ट तुला मुद्दाम पूर्ण सांगितली. माणसं ‘झडप बसली’ इथेच गोष्ट थांबवतात. झडप उत्तम चालू असताना माणूस दुसऱ्या दुखण्याने जाऊ शकतो, आणि सासूबाईंना फुप्फुसांचं दुखणं आहेच. नवी झडप त्यांची फुप्फुसं नवी करणार नाही.

आता आकडे. घाबरू नकोस, थोडेच आहेत, पण निर्णय त्यांच्यावरच करायचा आहे. मुख्यतः अमेरिकेतल्या २१ रुग्णालयांत ३५८ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. तिचं नाव पार्टनर, आणि निष्कर्ष २०१० मध्ये छापून आले. सगळे रुग्ण सासूबाईंसारखेच, छाती उघडायला अपात्र ठरलेले. निम्म्यांना जांघेतल्या रक्तवाहिनीतून नवी झडप बसवली. उरलेल्या निम्म्यांना तेव्हाचे नेहमीचे उपचार मिळाले, म्हणजे औषधं आणि बहुतेकांना फुग्याने झडप ताणणं. वर्षभरात नेहमीच्या उपचारांच्या गटातले ५०.७ टक्के रुग्ण दगावले, झडप बसवलेल्यांतले ३०.७ टक्के. म्हणजे दर पाच माणसांमागे एक माणूस जास्त जगला. औषधाच्या जगात एवढा फरक क्वचित दिसतो. दुसऱ्या वर्षी, २०११ च्या नोव्हेंबरमध्ये, अमेरिकेने त्या झडपेला मान्यता दिली.

पण त्याच चाचणीचा दुसरा अर्धाही वाच. पहिल्या महिन्यात मोठा पक्षाघात झडपेच्या गटात ५ टक्के रुग्णांना झाला, दुसऱ्या गटात १.१ टक्के. रक्तवाहिनीला मोठी इजा १६ टक्क्यांना. आणि पाच वर्षांनी पाहिलं तेव्हा झडप बसवलेल्यांपैकीही जवळजवळ ७२ टक्के माणसं गेलेली होती. नेहमीच्या उपचारांच्या गटात हे प्रमाण ९४ टक्क्यांच्या आसपास होतं. तेव्हापासून नळ्या बारीक झाल्या, हात सरावले, आता धोके बरेच कमी झाले आहेत. तरी झडप बसवली की आई शंभरी गाठतील अशी कुणी तुझी समजूत काढली तर ती धरून बसू नकोस. बऱ्यापैकी श्वास घेत, अंगणापर्यंत चालत, आपल्या हाताने जेवत काही वर्षं मिळावीत यासाठी हा उपचार आहे. माझ्या मते तेवढंही फार मोठं आहे.

मग तू विचारशील, उपचार सिद्ध झालाय तर आता चाचणी कसली? प्रत्येक नवी झडप पुन्हा नव्याने सिद्ध व्हावी लागते. जाळीचा धातू वेगळा, पाकळ्यांची शिवण वेगळी, मापं वेगळी, आत नेण्याची नळी वेगळी. आपल्या देशातल्या झडपांनाही हा रस्ता चुकला नाही. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉक्टर वलियाथन यांच्या चमूने छाती उघडून बसवायची चित्रा झडप तयार केली. तिच्या तीन रचना प्रयोगशाळेत आणि मेंढ्यांवरच्या प्रयोगांत बाद झाल्या, चौथी टिकली, आणि डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा माणसाला बसवली. नळीतून बसवायची मायव्हाल नावाची झडप आपल्या शेजारी वापीच्या मेरिल कंपनीची. आधी थोड्या भारतीय रुग्णांवर चाचणी झाली आणि २०१८ मध्ये इथे मान्यता मिळाली. पुढे १६ देशांतल्या ७६८ रुग्णांवर तिची जगातल्या दोन प्रस्थापित झडपांशी तुलना झाली. त्या तुलनेचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पहिल्या महिन्यात मायव्हाल त्या दोघींहून कमी पडत नाही असं दिसलं. कुणाच्या तरी आईने, कुणाच्या तरी वडिलांनी हो म्हटलं म्हणून हे कळलं. त्या माणसांबद्दल मला फार आदर आहे. आणि म्हणूनच ते ‘हो’ खरोखर त्यांचंच असावं, असं मला वाटतं.

चाचणी म्हणजे काय ते नीट धर. आईंना बरं करणं आणि झडपेबद्दल एका प्रश्नाचं उत्तर शोधणं, अशी दोन कामं तिथे एकाच वेळी चालतात. डॉक्टर कितीही चांगले असोत, त्या खोलीत ते दोन्ही कामं करत असतात. त्यात वाईट काही नाही, पण तुला ते माहीत असलं पाहिजे. काही चाचण्यांत सगळ्यांना नवी झडप बसवतात. काहींत चिठ्ठी टाकल्यासारखं संगणक ठरवतो, कुणाला नवी आणि कुणाला जुनी. तिथे डॉक्टरांच्याही हातात काही नसतं, ओळख लावून गट बदलून मिळत नाही. आपली चाचणी यातली कुठली, हा तुझा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा: चाचणीबाहेर, आधीच मान्यता मिळालेली झडप आईंना बसवता येईल का? २०१० च्या त्या रुग्णांना तो रस्ता नव्हता, आज आहे. इथे पैशाचा विषय येतो, तो लपवण्यात अर्थ नाही. मान्यताप्राप्त झडपेचा खर्च कित्येक लाखांत जातो, आणि सुपारी-नारळाच्या वाडीवर चालणाऱ्या घराला तो डोंगराएवढा. चाचणीत झडप फुकट मिळते. त्या एका शब्दापुढे बाकीचे सगळे प्रश्न गप्प होतात, हे मी वॉर्डात डोळ्यांनी पाहिलं आहे. फुकट मिळते म्हणून जायला माझी हरकत नाही. पण तेवढ्याच कारणाने जात असाल, तर तसं घरात एकमेकांशी मोकळेपणाने बोला. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, धर्मादाय खाटांची चौकशी करा, आणि मग दोन्ही रस्ते शेजारी ठेवून बघा. चाचणीच्या झडपेसाठी किंवा चाचणीपुरत्या तपासण्यांसाठी कुणी तुमच्याकडे पैसे मागितले, तर तिथल्या तिथे थांब आणि लेखी खुलासा माग.

बाकीचे प्रश्न वहीत लिहून घे. ही झडप आजवर किती माणसांना बसवली? त्यातली किती वर्षभराने नीट आहेत? पेसमेकर किती जणांना लागला? (नवी झडप हृदयाच्या विजेच्या वाटेला दाबते, त्यामुळे काहींना तो लागतो.) झडप बसवताना काही बिघडलं आणि छाती उघडावी लागली, तर आईंच्या बाबतीत ते करणार की नाही? हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि अनफिट माणसाच्या घरच्यांनी तोच आधी विचारायला हवा. चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असते. नोंदणी क्रमांक माग आणि तुझ्या मुलाला मोबाइलवर शोधायला सांग. रुग्णालयाच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी असते, त्या समितीचा फोन नंबर माहितीपत्रकावर छापलेला असतो. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई यांची तरतूद आपल्या कायद्यात आहे. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत ती आली आहे, म्हणून त्यात काय लिहिलंय ते वाचून दाखवायला सांग. आणि हवं तेव्हा चाचणीतून बाहेर पडता येतं, त्यामुळे पुढच्या उपचारांत फरक पडत नाही. अर्थात एकदा बसवलेली झडप काही बाहेर येत नाही.

माहितीपत्रक मराठीत असायलाच हवं. ते घरी आण. तिथल्या तिथे सही करायची नाही. चांगले डॉक्टर स्वतःच सांगतात, घरी जा, विचार करा.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. फोनवर तू म्हणालीस, “ताई, आईंना काही सांगितलेलं नाही, उगाच धसका घेतील.” अगं, शरीर त्यांचं आहे. कायद्यानेही संमती त्यांचीच लागते. त्या शुद्धीत आहेत, समजतं आहे, रोज दुधाचा हिशेब चोख ठेवतात. मग तुझी किंवा तुझ्या नवऱ्याची सही त्यांच्या ऐवजी चालत नाही. वाचता येत नसेल तर चाचणीशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर वाचून दाखवायचं आणि अंगठा घ्यायचा, अशी पद्धत आहे. पण मी कायद्यासाठी सांगत नाही. आपल्याकडे मोठ्या माणसांपासून आजार लपवणं म्हणजे माया, असं आपण धरून चाललो आहोत. वॉर्डात मी किती म्हाताऱ्या बायका पाहिल्या, ज्यांना सगळं कळलेलं असायचं आणि मुलांना वाईट वाटू नये म्हणून त्या काही कळलं नसल्यासारखं वागायच्या. दोघंही एकमेकांपासून लपवत बसायची आणि शेवटचं खरं बोलणं राहून जायचं. हे मला अजून सहन होत नाही.

दुपारी जेवणं आटोपली की त्यांच्याजवळ बस. मुलांना शेजारी पाठव. सरळ सांग, हृदयाची झडप आवळली आहे, मोठं ऑपरेशन झेपणार नाही, जांघेतून नळी घालून नवी झडप बसवता येते, ती नवीन आहे आणि तिची परीक्षा चालू आहे. मग गप्प बस. त्यांना बोलू दे. काय हवंय ते विचार. पुढच्या वर्षी नातीचं लग्न बघायचंय? वाडीत परत हिंडायचंय? की आता रुग्णालयं नकोत, घरीच राहायचंय? त्यांनी जे सांगितलं त्यावरून डॉक्टरांना काय विचारायचं ते ठरेल.

एक गोष्ट त्यांच्यापासून अजिबात लपवू नकोस. या झडपांच्या पाकळ्या जनावराच्या हृदयाभोवतीच्या पातळ आवरणापासून बनवतात, काहींत गोवंशाच्या, काहींत डुकराच्या. सासूबाई शीतळादेवीला नेमाने जाणाऱ्या, उपास-तापास पाळणाऱ्या. त्यांना ते चालेल की नाही हे आपण ठरवायचं नाही. रेवदंड्यातल्या आपल्या मुसलमान शेजारणीच्या घरी हा प्रश्न उलट बाजूने येईल. जीव वाचवण्यासाठी घेतलेल्या गोष्टीला दोष नाही, असं मानणारी कितीतरी भाविक माणसं मी पाहिली आहेत, आणि कदाचित आईही तसंच म्हणतील. पण आधी कळलं तर ते त्यांचं म्हणणं असेल. झडप बसल्यावर कुणाच्या तोंडून कळलं, तर त्यांचा तुझ्यावरचा विश्वास जाईल, आणि त्या वयात तो परत मिळवायला वेळ नसतो.

त्यांनी हो म्हटलं, तर पुढची व्यवस्था मोठी आहे. आधी सीटी स्कॅन होतो; त्यात टोचतात ते रंगद्रव्य मूत्रपिंडांना जड जाऊ शकतं. मूत्रपिंडांचा अहवाल आधी दाखव. किडलेले दात असतील तर आधी दाखवून घे, तोंडातले जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसतात. चाचणीत नंतर ठरलेल्या तारखांना मुंबईला जावंच लागतं: महिन्याने, वर्षाने आणि त्यापुढेही. तारखा आधी माग. पावसाळ्यात मांडव्याच्या लाँच बंद असतात, रो-रोही हवा बघून सुटते, आणि वडखळ-पेणवरून गाडीने जायचं तर आईंना किती तास बसवेल त्याचा विचार करून ठेव. प्रवासखर्च चाचणीतून मिळतो का हे विचारायला लाजू नकोस, तसं देणं रीतीत बसतं. रात्री-बेरात्री काही झालं तर १०८ ला फोन, अलिबागचं जिल्हा रुग्णालय, आणि चाचणीचं ओळखपत्र कायम त्यांच्या पिशवीत, म्हणजे तिथल्या डॉक्टरांना कुठली झडप, कुठली गोळी ते लगेच कळेल.

आणि नाही म्हणाल्या, तर ते ‘नाही’ ऐकून घे. तुझ्या नवऱ्याला ते जड जाईल, मुलग्यांना नेहमीच जातं. तेव्हाही करण्यासारखं पुष्कळ उरतं. धाप कमी ठेवणारी औषधं, मीठ मोजून, रोज सकाळी वजन, आणि दोन-तीन दिवसांत वजन झपाट्याने वाढलं तर डॉक्टरांना फोन. त्रास कमी ठेवण्यासाठीचे उपचार हाही एक उपचारच आहे, तो आधीपासून माग.

तू स्वतःकडेही बघ गं. आवाजावरून कळत होतं, झोप नाही. रविवारी मी चौलला येते आहे. तोपर्यंत माहितीपत्रक आणून ठेव आणि वहीत प्रश्न लिहून काढ. पण आईंशी बोलायला माझी वाट बघू नकोस. ते बोलणं सुनेनेच करायचं आहे, आणि ते उद्या दुपारीच कर.